खंडणी आणि वाटा

म्हैसूरच्या वायव्य कडेला, हूटगळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीलगत निवृत्तीनंतर मी राहतो. शेजारच्या कारखानदारांच्या तोंडी अलीकडे एक जुना कन्नड शब्द येऊ लागला आहे : ‘कप्प’, म्हणजे मांडलिकाने सार्वभौमास द्यावयाची खंडणी. आपण दिल्लीला कर नव्हे, कप्प भरतो, अशी त्यांची तक्रार असते. ७ फेब्रुवारी २०२४ रोजी कर्नाटकाचे मंत्रिमंडळ जंतरमंतरवर निदर्शनास बसले, त्यामागेही हीच भावना होती. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा शब्द मला खटकतो. पण तो सर्वस्वी निराधार आहे, असेही म्हणवत नाही.

मराठीत खंडणीचा अर्थ आता गुन्हेगारीपुरता उरला आहे. मुळात खंडणे म्हणजे रक्कम ठरवून टाकणे. खंडाने दिलेल्या जमिनीत तो अर्थ अजून जिवंत आहे. १७१९ च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई आणि दहा टक्के सरदेशमुखी मराठ्यांना मिळाली, ती बादशाही मोहोरेनिशी. म्हैसूरही या वसुलीतून सुटले नाही. १७८७ च्या गजेंद्रगडच्या तहात टिपूने मराठ्यांना ४८ लाख रुपये देण्याचे मान्य केले.

खरा धडा मात्र पुढचा आहे. टिपूच्या पाडावानंतर, १७९९ च्या तहाने वोडेयर घराण्याला गादी परत मिळाली. तैनाती फौजेपोटी वर्षाला सात लाख होन, म्हणजे सुमारे साडेचोवीस लाख रुपये, कंपनीस देणे ठरले. हा पैसा थकण्याची भीती वाटल्यास कारभार ताब्यात घेण्याची मुभाही तहातच होती. १८३१ मध्ये बेंटिंकने ती वापरली आणि तिसरे कृष्णराज नामधारी राजे उरले. १८८१ मध्ये राज्य परत देताना रक्कम ३५ लाखांवर नेण्यात आली. वाढीव साडेदहा लाख माफ होण्यास १९२८ उजाडले. त्याच १८८१ मध्ये म्हैसुरात प्रजाप्रतिनिधी सभा सुरू झाली. सभासद रस्ते, तलाव, शाळा यांविषयी गाऱ्हाणी मांडत. ३५ लाखांचा आकडा घटवणे त्यांच्या हाती नव्हते.

खंडणीची ओळख रकमेच्या आकारावरून पटत नाही. रक्कम जेथे ठरते तेथे देणाऱ्याला आसन आहे काय, हे पाहावे लागते. वस्तू व सेवा कर परिषदेत ते आहे : मतांचे दोन तृतीयांश वजन राज्यांकडे आहे, तरी निर्णयास तीन चतुर्थांश लागत असल्याने केंद्राविना काही होत नाही. वित्त आयोगात राज्यांना निवेदन देता येते, एवढेच. (अशा निवेदनांचे मसुदे मीही केले आहेत, त्यांची भाषा अर्जदाराचीच असते.) चौदाव्या आयोगाकडून पंधराव्याकडे येताना वाटपयोग्य करांतील कर्नाटकाचा हिस्सा ४.७१३ वरून ३.६४७ टक्क्यांवर आला. गरीब राज्यांना अधिक द्यावे हे न्याय्यच आहे, आणि लोकसभेत कर्नाटकाचे २८ सदस्य बसतात. वोडेयरांचा एकही माणूस कलकत्त्याच्या मंडळात नव्हता.

उपकर आणि अधिभार यांची गोष्ट मात्र वेगळी. अनुच्छेद २७० प्रमाणे त्यांतला हिस्सा राज्यांना मिळत नाही, आणि ते किती व किती काळ लावावेत हे राज्यांना विचारून ठरत नाही. हूटगळ्ळीचा कारखानदार ‘कप्प’ म्हणतो तेव्हा त्याने बोट या रकान्यावर ठेवावे.