बांबूवरची पंधरा फुटांची झेप

सुरतेहून व्यारा, सोनगड ओलांडून डांगच्या जंगलात शिरलं की मानवेल दिसू लागतो. सरळ, उंच, चिवट. बांबूउडीसाठी हाच हवा, असं वाटतं. पण मानवेल बहुधा भरीव आणि म्हणून जड असतो. बांबूच्या काळात उडी घेणाऱ्याला पोकळ, हलका बांबू लागायचा, कारण तो हातात धरून त्याला जिवाच्या आकांताने धावायचं असे.

या खेळाचं गणित धावण्यातच आहे. सेकंदाला 9 मीटर वेगाने येणाऱ्या माणसाची सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलली, तर त्याचा गुरुत्वमध्य सुमारे 4.1 मीटर वर जाईल. तो आधीच जमिनीपासून मीटरभर उंच असतो. वजनाचा इथे संबंध नाही. वेग दुप्पट झाला तर उंची चौपट.

हे गणित बांबूवर ज्याने सर्वाधिक साधलं तो कॅलिफोर्नियाचा कॉर्नेलियस वॉर्मरडॅम. डच आईवडिलांचा हा मुलगा 1915 मध्ये जन्मला, शेतावर वाढला आणि पुढे शिक्षक झाला. 13 एप्रिल 1940 रोजी बर्कलीत त्याने 15 फूट, म्हणजे 4.57 मीटर, ओलांडले. जगात पहिल्यांदाच. 1942 मध्ये तो 4.77 मीटरवर पोहोचला. दुसऱ्या कुणालाही 15 फूट जमण्याआधी त्याने ती उंची 43 वेळा पार केली होती. 1940 आणि 1944 ची ऑलिंपिक महायुद्धाने गिळली, म्हणून त्याच्याकडे ऑलिंपिक पदक नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

बांबूचे तंतू सालीकडे दाट असतात, आणि वाकताना सर्वाधिक ताणही तिथेच पडतो. पेरांमुळे नळी चेपत नाही. तरीही बांबू फारसा वाकत नाही. त्यामुळे उडीच्या जागी जमिनीत बसवलेल्या पेटीत त्याचं टोक रोवताच बसणारा हिसका थेट खांद्यांत जातो. काचतंतूंचा पोल खोल वाकून तो हिसका पोटात घेतो, ऊर्जा साठवतो आणि परत देतो. वाकल्याने तो तेवढा वेळ आखूडही होतो, सहज उभा राहतो, म्हणून पकड बरीच वर घेता येते. 2022 मध्ये गुजरातेत राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. तेव्हा गांधीनगरात शिवा सुब्रमणियमने 5.31 मीटरचा राष्ट्रीय विक्रम केला, तो अशाच पोलवर. वॉर्मरडॅमला तिथे 54 सेंटिमीटर कमी पडले असते. त्यातले किती त्याचे आणि किती बांबूचे, याचा विचार करायला हवा.

वॉर्मरडॅमचा 4.77 मीटरचा मैदानी विक्रम 15 वर्षं टिकला. 1957 मध्ये बॉब गुटोव्स्कीने तो मोडला, धातूच्या पोलवर, एका सेंटिमीटरने.