चिमूटभर विरजण आणि गॅसचा पहारेकरी

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे रसायन मिसळतात. पण सर्दी झाली असेल, गाढ झोप लागली असेल, तर नाक काय करणार? त्यासाठी भिंतीवर लावायचा गॅस अलार्म मिळतो. त्याला गॅस कसा कळतो, ते आज पाहू.

कल्हईवाला भांड्यांना लावतो ते कथील तुम्हाला ठाऊक आहे. कथिलाचा ऑक्सिजनशी संयोग झाला की पांढरी भुकटी होते. तिला कथिलाचे ऑक्साइड म्हणतात. अलार्मच्या पोटात या भुकटीचा इवलासा थर विजेवर तापत ठेवलेला असतो. हवेतला ऑक्सिजन तिच्या कणांना चिकटतो आणि कणांमधले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे थरातून वीज कमी वाहते. गॅस आला की त्याचा या ऑक्सिजनशी संयोग होतो, इलेक्ट्रॉन सुटतात, वीज जास्त वाहू लागते आणि भोंगा वाजतो. जपानच्या नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली अशा सेन्सरच्या पेटंटसाठी अर्ज केला होता.

कण जितके बारीक, तितका सेन्सर तिखट. मूठभर गव्हापेक्षा मूठभर पीठ पाणी पटकन धरते, तसेच हे. आता हे कण नॅनोमीटरच्या मापाचे करतात. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर.

तरीही नुसती भुकटी मंद असते. खूप तापवावी लागते, आणि गॅस कोणता हे तिला नीट ओळखता येत नाही. म्हणून तिच्यात दुसऱ्या धातूचा अंश मिसळतात. याला डोपिंग म्हणतात. दुधाला विरजण लावावे तसे. पॅलेडियमचा थोडासा अंश मिसळला की गॅस आणि ऑक्सिजनचा संयोग लवकर आणि कमी उष्णतेत होतो. मग थोड्या गळतीलाही सेन्सर जागा होतो. हवेत शेकडा सुमारे २ भाग गॅस साठला तर ठिणगीने स्फोट होऊ शकतो. भोंगा त्याच्या बऱ्याच आधी वाजायला हवा. मात्र विरजण जास्त झाले की दही आंबट होते. इथेही अंश जास्त झाला तर त्याचे गोळे होतात आणि सेन्सर उलट मंदावतो.

विरजण बदलले की काम बदलते. कुजक्या अंड्यांच्या वासाच्या, विषारी हायड्रोजन सल्फाइडसाठी तांब्याचे ऑक्साइड मिसळतात. म्हणून अलार्म घेताना दुकानदाराला विचारा, "हा कोणत्या गॅसचा?" बंद खोलीत शेगडी पेटवली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. सिलिंडरच्या गॅसचा अलार्म त्यावर विसंबण्यासारखा नाही.

सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून अलार्म जमिनीपासून फूटभर उंचीच्या आत लावा. गोबरगॅस हलका, त्याचा अलार्म वर, छताजवळ. नुसत्या विजेवर चालणारा अलार्म वीज गेली की गप्प होतो, हेही ध्यानात ठेवा. डब्यावर लिहिलेली मुदत संपली की तो बदला.

भोंगा वाजला तर रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा. दिव्याचे बटण दाबू नका, काडी ओढू नका, अलार्मची पिनही काढू नका. सगळ्यांना घेऊन बाहेर या आणि बाहेरूनच १९०६ वर फोन करा. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हा नंबर सगळ्यांना लिहून द्या.