नर आहे का?

पहाटे साडेपाच

वखारीचं फाटक उघडण्याआधी मी त्याच्या दोन्ही बाजूंना बॅटरी मारून बघतो. पिल्लं सोडणारे दिवसा येत नाहीत. आज बिस्किटांचा रिकामा खोका आहे, वर गोणपाट, आत पाच पिल्लं. डोळे अजून मिटलेले, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतली. उचलून बघतो. पाचही माद्या.

कुत्रीच्या वेतात नर-मादी साधारण निम्मे-निम्मे असतात. मग नर कुठे गेले? ते ठेवून घेतलेत. थोडे मोठे झाले की कुणी शेतावर नेईल, कुणी घरी. मादी मात्र डोळे उघडायच्या आत खोक्यात जाते. इथे हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि यात आपण काही वाईट केलं असं कुणाला वाटत नाही. मारली थोडीच, सोडली.

वखार म्हणजे बंद पडलेली लाकडाची वखार. आमचं अळणावर गाव एकेकाळी लाकडावर चालायचं. दांडेलीच्या जंगलातला माल इथून रेल्वेनं बाहेर जायचा. मालकानं मागचा पत्र्याचा भाग आम्हाला वापरायला दिलाय. आम्ही म्हणजे सात-आठ जण: एक निवृत्त रेल्वेवाले मामा, शेजारच्या गल्लीतल्या अक्का, धारवाडला कॉलेजला जाणारी एक मुलगी, औषधांच्या दुकानातला पोरगा, मी आणि जमेल तेव्हा येणारे दोघं-तिघं. गटाला नाव नाही, पाटी नाही, पगार कुणालाच नाही.

सहा

दूध. हे काम घाईनं करता येत नाही. पिल्लू आधी उबेला लावायचं, कारण थंडीनं गारठलेल्या पोटात दूध पचत नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची, म्हणजे पिल्लाला उकडलं तर दुसरीकडे सरकता येतं. मग एकेक उचलून पालथं धरायचं. नवा माणूस हमखास तान्ह्या बाळासारखं उताणं घेतो. तसं पाजलं तर दूध फुफ्फुसात उतरतं आणि दोन दिवसांत पिल्लू जातं. मुलीनं पहिल्याच दिवशी हे शिकून घेतलं, आता ती इतरांच्या हातावर चापट मारते.

गाईचं साधं दूध दिलं तर हगवण लागते. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. पिल्लांसाठी मिळणारी पावडर महाग पडते, पण तीच वापरतो. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पोटाखाली हळूहळू फिरवायचा. एरवी आई चाटते तेव्हाच या वयाच्या पिल्लाला मुतायला होतं, आपणहून नाही. पाच पिल्लांना पाऊण तास. तीन तासांनी पुन्हा, रात्रीसुद्धा.

म्हणून खरं काम दूध पाजणं नाही, आई शोधणं. मामा सायकल घेऊन निघतात. सडं भरलेली, कावरीबावरी होऊन फिरणारी कुत्री कुठल्या गल्लीत दिसते ते बघायचं, चहाच्या गाड्यावर विचारायचं. सापडली तर तिलाच वखारीत आणायचं. पिल्लं वाचतात आणि दूध तोडल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशनही होतं. सापडेलच असं नाही. खोका कधी कधी शेजारच्या गावातून मोटारसायकलवर आलेला असतो.

सात

अक्कांचं पातेलं. तांदळाची कणी, कोंबडीचे पाय आणि माना, थोडी हळद. मीठ नाही, कांदा तर नाहीच; कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे भाताचं गाव, कणी गिरणीतून फुकट मिळते. पाय-माना चिकनवाला ठेवतो. पैसे घेत नाही, पण न्यायला उशीर झाला तर बडबड करतो.

साडेसात

स्टेशन. अळणावर जंक्शन आहे. हुबळी-लोंढा मार्गावरचं, दांडेलीकडचा फाटा इथूनच फुटतो. फलाटावर पाच-सहा कुत्री कायमची. सगळ्यांच्या कानाला खूण आहे, म्हणजे ऑपरेशन झालेली. लस दर वर्षी. ती फलाटावर झोपणारी माणसंसुद्धा ओळखतात.

पण नोव्हेंबर 2025 पासून इथे नवा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयानं 7 नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकांतली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवा, ऑपरेशननंतर परत तिथेच सोडू नका, असं सांगितलं. त्याआधी 22 ऑगस्टच्या आदेशात, रेबीज झालेली किंवा आक्रमक कुत्री वगळता बाकीची ऑपरेशन आणि लस करून मूळ जागी सोडायची होती. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही तसंच आहे. चावलेल्या मुलाच्या आईबापाची भीती मला समजते, त्यावर वाद नाही. पण निवारा म्हणजे काय, हे ज्यानं पन्नास कुत्री एका जागी बघितली आहेत त्याला विचारावं. एकाला पार्वो हा विषाणूचा आजार झाला की सगळ्या पिल्लांना होतो. इथे सरकारी निवारा नाही, आमच्या पत्र्याखाली जागा नाही. म्हणून या कुत्र्यांनाही घरं शोधतोय. मामांनी त्यातल्या दोघांना आपल्या अंगणात नेलंसुद्धा. म्हातारपणी गार्डाच्या डब्यात बसल्यासारखी ती फाटकाशी बसून असतात.

नऊ ते एक

माझं झेरॉक्सचं दुकान. अळणावर तालुका झाल्यापासून अर्ज, उतारे, दाखले यांची गर्दी असते. मध्ये मध्ये फोन.

"पिल्लू आहे म्हणे तुमच्याकडे?"

"आहे."

"नर आहे का?"

"माद्या आहेत. ऑपरेशन आम्ही करून देतो."

"मग राहू दे."

कन्नड बोलणारा असेल तर "हेण्णुमरी ब्याड्री", मादी पिल्लू नको, म्हणतो, बाकी संवाद तोच. अक्का असल्या माणसाला लगेच पोरीबाळींवरून सुनावतात. मला तो दाखला पटत नाही. समोरच्याचं कारण वेडगळ नाही. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दारात गावभरची कुत्री गोळा होतात, रात्रभर भांडणं, दोन महिन्यांनी पिल्लं. ज्याच्या अंगणात हे घडलंय त्याला उपदेश करून उपयोग नाही. ऑपरेशन झालं की यातलं काहीही उरत नाही, एवढंच सांगायचं आणि ज्यांच्याकडे अशी कुत्री आहे त्यांच्या दारात नेऊन दाखवायचं. चारातला एक ऐकतो. उरलेले तीन नर नेतात, त्याचं ऑपरेशन करू देत नाहीत, आणि माजावरच्या कुत्रीमागे तो रस्त्यावर गाडीखाली जातो.

दुसऱ्या प्रकारचा फोन मुधोळ जातीच्या कुत्र्यासाठी. "मुधोळ मिळेल का? किंवा क्रॉस?" मुधोळच्या संस्थानिक घोरपड्यांनी या जातीची जोडी इंग्लंडच्या राजाला, पाचव्या जॉर्जला, भेट दिली होती, मराठी मुलखात हिला कारवान म्हणतात. 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतल्यापासून मागणी फार वाढली. मुधोळ हा पळणारा कुत्रा. रोज मोकळं रान लागतं. दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधला की वर्षभरात तो चावरा होतो आणि मग हल्याळ रस्त्याला आम्हाला सापडतो. असे आम्ही कुणालाही लगेच देत नाही.

दीड

जेवायला घरी न जाता वखारीत, कारण डॉक्टर येणार आहेत. परवा जंगलाच्या रस्त्याला लॅब्रॅडॉर सापडली. ती कुणाच्या घरातून हरवली असेल असं आधी सगळे म्हणाले. अक्कांनी तिला हळूच आडवं केलं आणि पोट दाखवलं. सडं लोंबून जमिनीला टेकायला आलेली, नखं इतकी वाढलेली की पंजा सरळ पडत नाही, कोपरांवर सिमेंटच्या फरशीचे घट्टे. ही हरवलेली नाही. ही पिल्लं काढायला ठेवलेली होती, आणि आता काढता येत नाहीत म्हणून सोडलेली.

पैदाशीच्या धंद्यात मात्र मादीच हवी असते. 2017 च्या नियमांप्रमाणे कुत्री पैदास करणाऱ्यानं नोंदणी करायची, अठरा महिन्यांआधी वीण घ्यायची नाही, आयुष्यात पाचापेक्षा जास्त वेत घ्यायची नाहीत. घराच्या मागच्या खोलीत चालणाऱ्या धंद्यात ही मोजदाद कोण ठेवतो? पिल्लू विकत घेणारा पिल्लाची आई दाखवा असं म्हणत नाही, तोवर हे चालणार.

डॉक्टर गर्भाशयात पू आहे का ते बघायला सांगतात, धारवाडला सोनोग्राफी. तिला अजून घर देता येणार नाही. कुणी साधा पाण्याचा मग हातात घेतला तरी ती मागे सरते.

मग हिला सोडणाऱ्याचं काय? प्राण्याला उपाशीतापाशी मरायला सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात आज फार तर गिरमिट-मिरची आणि चहा होतो.

चार

धारवाडहून टेम्पो परत. सकाळी तीन कुत्र्या ऑपरेशनला गेल्या होत्या. अंतर पस्तीस किलोमीटरच्या आसपास, पण पिंजरे, उपाशी पोट, परतीला गुंगीत असलेली जनावरं, यात दिवस जातो. टाक्यांना जीभ लागू नये म्हणून जुने बनियन कापून त्यांना अंगरखे घालतो. औषधाच्या दुकानातला पोरगा गोळ्या लिहून ठेवतो. माणसाचं पॅरासिटामॉल कुत्र्याला देऊ नका, हे त्यानं पाटीवर लाल अक्षरांत लिहिलंय.

एक कुत्री गुंगीतून उठताना मुलीच्या मनगटाला दात लावते. ओरखडा. तरीही वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. आम्ही सगळ्यांनी आधीच लस घेतलेली आहे, म्हणून तिला आता दोनच डोस. न घेतलेल्याला दवाखान्यात सगळी मालिका लागते. रेबीज एकदा दिसायला लागला की उपाय नाही, म्हणून ओरखड्यालाही सूट नाही. घाटाखाली गोव्यात कुत्र्यांना गल्लीगल्लीत लस दिली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. सत्तर टक्के कुत्र्यांना दर वर्षी लस, हा हिशेब. तो इथे जमणार नाही असं काही नाही.

साडेपाच

घर बघायला अरवटगीच्या बाजूला. ऊस आणि भाताचं रान, मालक मराठे, रानडुकरांनी हैराण. त्यांना दोन कुत्री हवीत.

"रात्री कुठं बांधणार काका?"

"बांधायचं कशाला? राखणीला मोकळं सोडायचं की!"

इथेच अडतं. हा जंगलाच्या कडेचा मुलूख, बिबट्याचा. महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. 2014 मध्ये तो छापून आला. खाल्लेल्या मांसात कुत्र्यांचा वाटा 39 टक्के निघाला. रात्री मोकळं कुत्रं राखण करत नाही, बिबट्याला रस्ता दाखवतं. म्हणून आमची अट: रात्री बंद खुराडं, जाळी वरूनही. दिवसा मोकळं चालेल.

काका हसतात, मग विचारात पडतात. त्यांची आधीची दोन कुत्री अशीच नाहीशी झालेली; ती कुठे गेली ते त्यांना आता कळलेलं असतं, पण बोलत नाहीत. आतून काकू येतात.

"मी जाळी मारून घेत्ये. मादी असली तर चालेल मला. मादी घर सोडत नाही."

काका तोंड उघडतात, काकू त्यांच्याकडे बघतात, ते मिटतात. असं घर महिन्यात एखादंच मिळतं. खुराडं झाल्यावर पुन्हा येऊन बघू, तोवर पिल्लू नाही. लोकांना हा उर्मटपणा वाटतो. पण परत आलेल्या कुत्र्याला दुसरं घर मिळणं पहिल्यापेक्षा अवघड असतं.

आठ

मामा परत आले. आई सापडली! बाजारामागच्या गटाराशी, तांबडी, एक कान फाटका. पोत्यावर बसवून रिक्षातून आणली. पाचही पिल्लं एका ओळीत लागली. सकाळचं उबेचं, कापसाचं काम आता तिचं. तिची नर पिल्लं कुणाच्या घरी आहेत तेही मामांनी काढलंय. उद्या त्यांना पण इकडे आणतील. घरवाला म्हणाला, "नर नेऊ नका हो, दोघांना शब्द दिलाय." शब्द राहील, पण दूध सुटेपर्यंत ते आईजवळ राहतील.

साडेनऊ

अक्का घरी जाताना बजावतात, ग्रुपवर नीट लिही, गयावया करू नकोस. तर लिहितो:

वखारीत पाच पिल्लं आहेत, तांबडी आणि काळी-तांबडी. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर देऊ, जंताचं औषध आणि पहिली लस करून. सहा महिन्यांनी ऑपरेशन आमच्या खर्चानं. स्टेशनवरची चार मोठी कुत्रीही आहेत, लस आणि ऑपरेशन झालेली, माणसांत वाढलेली. लॅब्रॅडॉर कुणी मागू नये, ती आजारी आहे. घर बघायला आम्ही येऊ, त्याला नाही म्हणणाऱ्यांनी फोन करू नये. ज्यांच्या दारात कुत्री व्यायली आहे त्यांनी खोका ठेवायला येऊ नये. दिवसा या, सांगा, आईला आम्ही धारवाडला नेऊन आणू. वखारीतली पाचही माद्याच आहेत. नर आहे का, हे विचारू नका.