अवर्षण, दुष्काळ आणि भूक

सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजी-आजोबांजवळ ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढेच म्हणून पाहा. खडी फोडण्याची कामे, मिलोच्या भाकरी, सुकडी, कोरड्या विहिरी अशा आठवणी निघतील. पाऊस न पडणे आणि माणसे उपाशी मरणे या दोन्हींना आपण ‘दुष्काळ’च म्हणतो. आज त्या वेगवेगळ्या करून पाहू.

प्रथम पाऊस. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच पाऊस पाडतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. घाट ओलांडून खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि तापते. सायकलच्या पंपातील हवा दाबल्यावर तापते, तसेच हे. अशा हवेतील बाष्पाचे ढग सहज बनत नाहीत. म्हणून छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला सातशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस येतो. त्यातच प्रशांत महासागराचे विषुववृत्ताजवळील पाणी नेहमीपेक्षा तापले, म्हणजे ‘एल निनो’ आला, की आपला मान्सून पुष्कळदा दुबळा होतो. १८७७ आणि १९७२ ही दोन्ही एल निनोची वर्षे होती.

निसर्गाचे कारण सारखे; पण परिणाम सारखे झाले का?

१८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि दक्षिण भारतात पन्नास लाखांहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. त्या काळातही देशातून धान्याची निर्यात चालूच होती. मुंबई इलाख्यातील दुष्काळी कामांवर राबणाऱ्या पुरुषाला रोज एक रत्तल, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम, धान्य पुरेल असे सरकारने ठरवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या अन्यायाविरुद्ध आवाज उठवला.

१९७२ साली महाराष्ट्रातील पिके सलग तिसऱ्या वर्षी बुडाली. या वेळी मात्र सरकारने गावोगाव रस्ते, पाझर तलाव, बंडिंगची कामे काढली. १९७३ च्या उन्हाळ्यात या कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. हाल फार झाले, गुरे गेली, पण १८७७ सारखा संहार टळला. का? हाती मजुरी पडली, म्हणून माणसांना धान्य विकत घेता आले. याउलट १९४३ साली बंगालमध्ये धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हते; तरी महागाईमुळे ते गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले आणि लाखो माणसे मेली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी १९८१ साली हे आकडेवारीनिशी दाखवून दिले.

दुष्काळाचा घाव पाऊस आल्यावरही लगेच भरत नाही. पोटासाठी बैल, भांडी, जमीन विकलेला शेतकरी पुढच्या मृगात पेरणार कशाने? म्हणून काम वेळेवर मिळणे महत्त्वाचे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेचा महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला. २००५ साली केंद्रानेही ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा केला.

पण पाण्याचा प्रश्न उरलाच. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. पाऊस पाडणे आपल्या हाती नाही. पडलेला साठवणे आणि वाटून घेणे मात्र आहे.

तुमच्या गावाजवळ बहात्तर सालचा एखादा पाझर तलाव असेल. सुट्टीत तेथे जा, त्यात गाळ किती साचला आहे ते पाहा आणि तो कोणी खोदला हे गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून वहीत टिपून ठेवा.