मोटारींतील इशाऱ्याचे दिवे

मोटारीची किल्ली फिरवितांच चालकासमोरील फळीवर पांच-सात लहान दिवे एकदम उजळतात आणि इंजिन सुरू झालें कीं बहुतेक विझतात. रोजच्या संवयीमुळें या क्षणाकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. वस्तुतः ही दिव्यांची हजेरीच असते. या वेळीं जो दिवा लागत नाहीं, तो संकटाच्या वेळीं लागेल याचा भरंवसा कसा धरावा?

पूर्वीं तेलाचा दाब व विजेचा प्रवाह दाखविण्यासाठीं मोटारींत कांटे असत. अमेरिकेंतील हडसन कंपनीनें १९३० नंतरच्या दशकांत त्यांच्या जागीं दिवे बसविले. त्यामुळें सोय झाली, पण एक लाभ गेला. कांटा हळूहळू उतरतांना दिसतो. दिवा मर्यादा ओलांडल्यावरच लागतो. म्हणूनच दिवा हा पुष्कळदां पहिला इशारा नसून शेवटचा असतो.

या दिव्यांच्या रंगांची भाषा सोपी आहे. हिरवा किंवा निळा दिवा कांहीं तरी चालू आहे इतकेंच सांगतो. पिवळा लौकर तपासणी करण्यास सुचवितो. तांबडा दिवा लागल्यास मात्र सुरक्षित जागा पाहून थांबलेंच पाहिजे.

तांबड्यांत सर्वांत निकडीचा दिवा तेलाच्या झारीच्या चित्राचा. तो तेल किती आहे हें सांगत नाहीं. तेलाचा दाब गेला आहे हें सांगतो. इंजिनांतील क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगांमध्यें तेलाच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरत असतो. दाब गेला कीं धातूवर धातु घांसूं लागतो आणि थोड्याच मिनिटांत इंजिन कायमचें निकामी होऊं शकतें. ‘गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे’ हा विचार येथें फार महाग पडतो. अशा वेळीं मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करावें.

ही वेळच येऊं नये म्हणून तेलाची पातळी पाहण्याचा परिपाठ हवा. मोटार सपाट जागीं उभी करून इंजिन बंद करावें व कांहीं मिनिटें थांबावें. डिपस्टिक काढून स्वच्छ फडक्यानें पुसावी, पूर्ण आंत घालून पुन्हा काढावी. तेल दोन खुणांच्या मध्यें असावें. जास्त तेल ओतणेंहि हितावह नाहीं. क्रँकशाफ्ट तें घुसळून त्याचा फेंस करतो आणि फेंसाळ तेलाचा दाब टिकत नाहीं. तेल काळें दिसल्यानें लगेच घाबरूं नये. तें दुधाळ दिसल्यास मात्र त्यांत पाणी शिरल्याची शंका घ्यावी.

दुसरा दिवा तापमानाचा. वैशाखांत माणसांनीं व सामानानें भरलेली मोटार बोरघाट चढतांना तो लागला, तर वातानुकूलन बंद करून थांबावें व इंजिन निवूं द्यावें. रेडिएटरचें झांकण लगेच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंश सेल्सिअसच्या वरहि तें उकळत नाहीं. झांकण निघतांच दाब जातो, त्याची एकदम वाफ होते आणि चेहरा व हात भाजून निघतात. कूलंटमध्यें सामान्यतः पाण्याबरोबर ग्लायकोल व गंज रोखणारीं द्रव्यें असतात. म्हणून नेहमीं नुसतें पाणी भरून भागत नाहीं. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असतें. त्याचा डबा मुलांच्या हातीं लागतां कामा नये.

बॅटरीच्या चित्राचा दिवा बहुधा बॅटरीला वीज मिळत नसल्याचें सांगतो. पट्टा तुटला असेल, तर पुष्कळ मोटारींत त्याच पट्ट्यावर चालणारा पाण्याचा पंपहि थांबतो आणि इंजिन तापूं लागतें.

ब्रेकचा दिवा हातब्रेक ओढलेला राहिल्यास लागतो, तसाच ब्रेक ऑईल कमी झाल्यासहि लागतो. हें ऑईल हवेंतील ओलावा शोषून घेतें. ‘डॉट ३’ प्रतीचें कोरडें ऑईल किमान २०५ अंशांपर्यंत उकळतां कामा नये, असें मानक आहे, त्यांत ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. घाट उतरतांना सतत ब्रेक दाबल्यास तापलेल्या ऑईलांत वाफेचे बुडबुडे होतात व पाय दाबूनहि मोटार थांबत नाहीं. यास्तव खालच्या गियरमध्यें उतरावें आणि ऑईल ठरलेल्या मुदतींत बदलावें.

राहिला इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा. अमेरिकेंत १९९६ पासूनच्या मोटारींना दोषाची सांकेतिक नोंद ठेवणारी एकसारखी यंत्रणा सक्तीची झाली. पुढें इतरत्रहि ती आली. दिवा स्थिर असेल तर मेकॅनिककडून ती नोंद वाचून घ्यावी. तो लुकलुकत असेल तर न जळलेलें पेट्रोल धुराड्याच्या मार्गांतील शुद्धीकरण-यंत्र जाळीत असण्याचा संभव असतो. तेव्हां वेग कमी करून लौकरच थांबणें श्रेयस्कर.

मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका एकदां वाचावी आणि महिन्यांतून दहा मिनिटें या द्रवांच्या पाहणीसाठीं काढावीं. घरांतील जो जो मोटार चालवितो, त्या प्रत्येकाला निदान तांबड्या दिव्यांचा अर्थ ठाऊक असावा. कारण दिवा लागेल तेव्हां जाणता माणूस शेजारीं असेलच असें नाहीं.