वाऱ्याचा हिशेब (भाग सातवा) : घेतो तेवढं परत देत नाही

पवनचक्कीचा खांब इतका उंच का लागतो, हे मागच्या भागात पाहिलं. झाडं, घरं, उसाचे फड यांना घासत जाणारा वारा जमिनीलगत मंदावतो आणि वर गेला की मोकळा होतो. वनकुसवडे, चाळकेवाडी आणि आपल्या जिल्ह्यातलं ढालगाव इथल्या पवनचक्क्या याच हिशेबावर फिरतात. आज तोच हिशेब पंचेचाळीस-सेहेचाळीस ग्रॅमच्या एका चेंडूला लावून बघू. चेंडू गोल्फचा.

कडेगावात गोल्फ म्हणजे टीव्हीवर चॅनल बदलताना मध्येच दिसणारा खेळ, हे मान्य. पण वाऱ्यावर लिहायला बसलं की हा खेळ टाळता येत नाही. क्रिकेटमध्ये वारा चर्चेपुरता असतो. गोल्फमध्ये मात्र दर फटक्याआधी त्याला विचारावंच लागतं.

आधी हत्यारांची ओळख. खेळाडूच्या बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या. त्यातल्या लोखंडी क्लबांना, म्हणजे आयर्नना, नंबर असतात. नंबर जितका मोठा, तितकं क्लबचं तोंड आभाळाकडे कललेलं. चेंडू उंच जातो, पण जवळ पडतो. एका नंबरामागे साधारण १० यार्डांचा फरक धरतात. समजा, एखाद्या हौशी खेळाडूचा चेंडू सात नंबरच्या आयर्नने १५० यार्ड जातो. होलही १५० यार्डांवर आहे. वारा पडलेला असेल तर प्रश्नच नाही, सात नंबर काढायचा.

आता ताशी ३२ किलोमीटरचा वारा समोरून सोडा. खेळाडूंमध्ये रुळलेला ढोबळ नियम असा, की ताशी १६ किलोमीटरचा समोरचा वारा अंतरातले सुमारे दहा टक्के खातो, आणि तेवढाच वारा पाठीमागून असेल तर जेमतेम पाच टक्के देतो. म्हणजे आपल्या वाऱ्यात १५० यार्डांचा होल १८० यार्डांचा समजायचा आणि सातऐवजी चार नंबर काढायचा. तोच वारा मागून आला तर होल १३५ यार्डांचा. आठ घ्यावा की नऊ, एवढाच घोळ. एकीकडे तीन क्लबांचा फरक, दुसरीकडे दीडचा.

आषाढात कडेगावहून कऱ्हाडकडे सायकल मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वारा नसताना तो ताशी २० किलोमीटर जातो. पश्चिमेच्या वाऱ्याने जाताना वेग १२ वर आला आणि येताना २८ वर गेला, तर सरासरी तीच वाटते. पण २४ किलोमीटर जायला दोन तास लागले आणि यायला एक्कावन्न मिनिटं. वाऱ्याविना जाऊन-येऊन दोन तास चोवीस मिनिटं लागली असती. वाऱ्याने सत्तावीस मिनिटं खाल्ली, ती परत दिली नाहीत.

चेंडूच्या बाबतीत कारण थोडं निराळं आहे. हवेचा विरोध हा चेंडू आणि हवा यांच्यातल्या वेगाच्या साधारण वर्गाने वाढतो. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या चेंडूवर १० मीटरचा वारा समोरून आला तर हिशेब साठाच्या वर्गाचा, म्हणजे ३६००. मागून आला तर चाळीसच्या वर्गाचा, म्हणजे १६००. वारा नसताना २५००. समोरून अकराशेचा तोटा, मागून नऊशेचा नफा. पण एवढ्याने दुप्पट फरक पडत नाही. खरी मेख चेंडूच्या फिरण्यात आहे.

कललेल्या तोंडाचा क्लब लागला की चेंडू उलटा फिरत निघतो. व्यावसायिक खेळाडूच्या सात नंबरच्या फटक्यात हे फिरणं मिनिटाला सुमारे ७००० फेऱ्यांचं असतं. फिरणारा चेंडू हवा खाली ढकलतो आणि स्वतः वर उचलला जातो. चेंडूवरच्या खळ्या या कामात मदत करतात आणि हवेचा विरोधही घटवतात. गुळगुळीत चेंडू निम्म्याच्या आसपास अंतरात खाली येतो. उलट्या फिरकीमुळे चेंडू हवेत जास्त वेळ तरंगतो, हे एडिंबराचे पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात मांडलं. प्राध्यापकांना घरातच प्रयोगाला माणूस होता: मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकलेला.

समोरून वारा आला की ही उचल वाढते. चेंडू फुग्यासारखा वर चढतो, वरच दम सोडतो आणि जवळजवळ सरळ खाली पडतो. पडल्यावर पुढे घरंगळतही नाही. मागचा वारा उचल कमी करतो. त्याने ढकलून जे दिलं, त्यातलं बरंचसं चेंडू लवकर खाली आणून काढून घेतलं. मात्र असा चेंडू तिरपा, पळता उतरतो आणि ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या कातरलेल्या हिरवळीवर, थांबत नाही.

यावरून निघणारी गोष्ट माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे. वारा समोर आला की हात आपोआप जोर लावतात. जोर लावला की फिरकी वाढते, फिरकीने उचल वाढते आणि चेंडू आणखी चढतो. म्हणजे जेवढं भांडाल तेवढं हराल. जाणता खेळाडू दोन नंबर लहान क्लब घेतो, चेंडू पायांच्या मध्यापासून किंचित मागे ठेवतो, हात आखडता ठेवून सावकाश मारतो. चेंडू खालून, कमी फिरत जातो. दिसायला फटका पुळचट वाटतो. मला तरी गोल्फमधला हाच फटका सगळ्यात देखणा वाटतो.

खालून जाण्याचा आणखी एक फायदा म्हणजे आपला पवनचक्कीचा हिशेब. व्यावसायिकांचा चेंडू सुमारे ३० यार्ड उंच जातो. उघड्या माळावर तिथला वारा डोक्याच्या पातळीवरच्या वाऱ्याच्या दीडपट सहज असू शकतो. पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर झाडांच्या आडोशाला उभं राहिलं तर फसगत आणखी मोठी. गालाला झुळूकही लागत नाही आणि चेंडू शेंड्यांच्या वर गेला की पावसाळी वाऱ्याच्या तोंडी सापडतो. तेव्हा होलवरच्या झेंड्याकडे बघून भागत नाही, शेंडे बघावे लागतात. मुंबईत चेंबूरला, १९२७ पासूनच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर, वेगळीच गंमत. हिवाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, दुपारी समुद्राकडून जमिनीकडे. पूर्व-पश्चिम होलवर सकाळचा क्लब दुपारी बदललाच पाहिजे.

वाऱ्याचा कळस पाहायचा तर कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचा सातवा होल. समुद्रात घुसलेल्या टोकावर, अंतर जेमतेम १०७ यार्ड. व्यावसायिकाला इथे वेज पुरतो, म्हणजे बॅगेतला सगळ्यात जवळ मारणारा क्लब. जून १९९२ मध्ये यूएस ओपनच्या शेवटच्या दिवशी वादळी वाऱ्यात टॉम काइटने तिथे सहा नंबर काढला. तरीही चेंडू ग्रीनच्या डावीकडे गेला. मग पुढच्या फटक्यात त्याने तो थेट खळग्यात घातला आणि स्पर्धाही जिंकली. स्कॉटलंडमध्ये ट्रूनचा आठवा होलही असाच आखूड. जीन सॅराझेन १९२३ मध्ये ट्रूनला आला तो वादळी वाऱ्यात ब्रिटिश ओपनच्या पात्रता फेरीतच बाद झाला. पन्नास वर्षांनी, ७१ व्या वर्षी, त्याने त्या आठव्या होलवर पाच नंबरने एकाच फटक्यात चेंडू आत घातला. एवढ्या आखूड होलला पाच नंबर लागला, त्यात वयाचाही वाटा होता, हे सोडायला नको. आणि सेंट अँड्र्यूजला २०१५ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ग्रीनवर ठेवलेले चेंडू वाऱ्याने हलू लागले, तेव्हा खेळच तासन्‌तास थांबवावा लागला. स्पर्धा सोमवारी संपली.

मग वारा मोजायचा कसा? नियमांनी इथे मजेशीर कुंपण घातलंय. हवामान खात्याचा अंदाज बघून या, चालेल. मैदानावर वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र काढलं तर दोन फटक्यांचा दंड. दिशा बघायला रुमाल किंवा रिबन धरली, पावडर उडवली, तरी तोच दंड. मात्र चिमूटभर गवत उपटून हवेत सोडायला हरकत नाही, ते निसर्गाचं आहे. कोणता क्लब घेऊ, असं प्रतिस्पर्ध्याला विचारणंही गुन्हा. विचारायचं ते आपल्या कॅडीला, म्हणजे बॅग वाहणाऱ्या सोबत्याला. ‘‘वारा समोरून आहे साहेब, पाच घ्या,’’ एवढं सांगायची मुभा त्याला आहे. साहेब ऐकतोच असं नाही.

पुढच्या भागात : द्राक्षबागेतली फवारणी आणि वारा.