काजव्यांच्या वाटेवर अंधार हवा

मे महिन्याच्या अखेरीपासून पावसाचा जोर वाढेपर्यंत अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा असे वृक्ष काजव्यांनी उजळतात. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाई शिखराच्या कुशीतील हा सोहळा पाहण्यासाठी अनेक कुटुंबे सायंकाळी स्थानिक वाटाड्यांसोबत रानवाटेने निघतात.

काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन या द्रव्याचा विकराच्या साह्याने प्राणवायूशी संयोग होऊन हा शीतल प्रकाश निर्माण होतो. ही लुकलुक म्हणजे जोडीदारासाठीचा संकेत होय. विजेरीचा, मोबाइलचा वा वाहनाचा झोत पडताच तो संकेत हरपतो आणि मीलनात अडथळा येतो. प्रौढ काजव्याचे आयुष्य अवघ्या काही आठवड्यांचे असते.

म्हणूनच पर्यटकांनी दिवे मालवावेत आणि पायवाट सोडू नये. काजव्यांची पुढची पिढी माती व पालापाचोळ्यातच वाढते.